वाकडी टोपली

कारागिरांच्या बाजारात बांबूच्या टोपल्या विकणाऱ्या एका मावशींच्या ढिगातून मी नेमकी वाकडी टोपली उचलली. काठ एका बाजूला झुकलेला.

"ही द्या. हाताची वाटते."

मावशींचा चेहरा पडला. "ती नगं, ताई. बिघडलीया ती."

मी हट्ट सोडेना. यंत्राच्या वस्तूंनी घरं भरून टाकलेली आम्ही माणसं. हाताची खूण म्हणून हल्ली चूकच शोधत फिरतो. काठ सुबक दिसला की शंका येते.

मावशींनी ती टोपली माझ्याकडून काढून घेतली आणि दुसरी पुढे केली. तिचा काठ इतका गोल, की नजर कुठे अडेना. ती धरलेल्या बोटांवर बांबूचे जुने-नवे चरे होते.

"ही बी हातानंच केलीया, ताई."