दहा बाहेर, एक आत

हॉबर्टच्या दुकानात खिळे, रंग, कोंबड्यांचं खाद्य असला सगळा माल पुढच्या अंगाला. मागच्या भिंतीशी काचेचं कपाट आणि कपाटामागे उंच स्टुलावर ओर्फा स्टिडम. पिजन फोर्कच्या खोऱ्यात कुणाला कमरेला बंदूक लावावीशी वाटली, की त्याला आधी ओर्फापुढे उभं राहावं लागे.

ती पैसे विचारायची नाही, बोर, म्हणजे गोळीचं माप, विचारायची नाही. म्हणायची, "हात दाखव." गिऱ्हाईक ज्योतिष्यापुढे धरावा तसा हात धरायचं. ओर्फा बोटांची लांबी बघायची, अंगठ्याखालचं मांस दाबायची. मग कमरेला रिकामी बंदूक अडकवून द्यायची आणि म्हणायची, "आता बस. वाक. बुटाची नाडी बांध. उभ्या माणसाला सगळ्याच शोभतात गं, टोचते कुठे ते बसल्यावर कळतं. टोचणारी बंदूक आठवड्यात कपाटात जाते, आणि कपाटातल्या तोफेपेक्षा कमरेवरची टाचणी बरी."

शेगडीभोवती म्हातारे बसलेले असायचे. नऊ एमएमची गोळी चांगली की पंचेचाळीस बोरची, हा त्यांचा वाद वीस वर्षं चालू होता आणि मिटू नये अशीच सगळ्यांची इच्छा होती. अर्व्हिल खाणीतून निवृत्त झालेला, पंचेचाळीसचा कट्टर भगत.

"पंचेचाळीस लागली की माणूस एकदाच पडतो. दुसरी गोळी लागतच नाही."

"पहिली तरी लागू दे रे," ओर्फा म्हणायची. "मागल्या मोसमात हरणावर झाडलीस आणि स्वतःच्याच ट्रकची काच फोडून घरी गेलास."

किती गोळ्या पुरे, हे तर प्रत्येक जण विचारायचाच. तिचं उत्तर ठरलेलं. "पाच. पाचांत ज्याचं भागत नाही त्याचं पन्नासांत भागायचं नाही." तिच्या स्वतःच्या एप्रनच्या खिशात पाच गोळ्यांची आखूड नळीची अडतीस बोरची रिव्हॉल्व्हर होती. तिचा नवरा लेस्टर यानं दिलेली. बिस्किटांचं पीठ मळतानाही ती खिशातच असायची.

खाणीची धूळ छातीत साठून लेस्टर गेला, तेव्हापासून तिचा मुलगा कॅल्विन मागे लागला होता. "आई, चल शहरात, लेक्सिंग्टनला. त्या खोऱ्याच्या टोकाला एकटी काय करतेस?" ओर्फाला तिथून हलायचं नव्हतं. घराच्या वरच्या उतारावर मातीत लेस्टर होता, खाली ओढा होता, आणि मधला प्रत्येक दगड तिच्या ओळखीचा होता. शेवटी दोघांचं ठरलं. ज्या दिवशी तिला त्या घरात भीती वाटेल, त्या दिवशी तिनं आपणहून फोन करायचा आणि कॅल्विननं येऊन तिला न्यायचं. तोवर त्यानं विषय काढायचा नाही. ओर्फा दिला शब्द मोडणारी बाई नव्हती. त्यामुळे घाबरायचं नाही, एवढंच तिच्या हातात उरलं.

नोव्हेंबरात पानं झडली, डोंगर उघडे पडले, आणि एका संध्याकाळी चुलीवर घेवड्याचे दाणे शिजत असताना घराबाहेरच्या खडीवर पावलं वाजली. जड नाहीत, हलकी नाहीत, कामावरून परतणाऱ्या माणसांसारखी. घराला एक फेरी घालून ती थांबली. तिनं दार उघडलं. अंगणात धुकं होतं आणि कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजेडात बघितलं तर चिखलात तिच्याच बुटांचे ठसे. कुत्रा मात्र पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हता.

आठवडाभर हेच. मग ती हॉबर्टला म्हणाली, "सांधे धरलेत रे. या जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड जातो. ती छोटी नऊ एमएम काढ बघू." मुठीत सरकणाऱ्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, नळीत एक.

अर्व्हिल शेगडीपासून ओरडला, "काय गं ओर्फाबाई, पाचांत भागेना वाटतं?"

"तुझी बडबड थांबवायलाच सहा जास्त लागल्या," ती म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी पावलं वाढली. पाळी सुटल्यावर खाणीच्या तोंडातून माणसं ओळीनं उतरावीत तशी. अंगणापुढच्या नाल्यावर एक सैल फळी होती. तिच्यावर प्रत्येकाचा पाय पडला की ती खट् वाजायची. ओर्फा भिंतीला पाठ लावून मोजत राहिली. दहा वेळा खट् झालं आणि बंद झालं. तिनं श्वास सोडला.

मागे, कोठीच्या दाराशी, स्वयंपाकघरातली लाकडी जमीन करकरली.

तिनं मान वळवली नाही. हात पिस्तुलावर होता, आणि दहा बाहेर, एक आत, हे हातालाच आधी कळलं. तिनं मॅगझिन खाली ओढून काढलं. बाहेरचा सगळा आवाज एकदम तुटला, ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. आतला तेवढा तुटला नाही. तो एक पाऊल पुढे आला.

मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजणाऱ्यांना ओर्फानं जन्मभर शिव्या घातल्या होत्या. "नळीतली कोण काढणार, तुझा बाप?" म्हणायची. आता तिनं पिस्तुलाचा वरचा सरकता स्लाइड मागे खेचला. नळीतलं काडतूस उडून जमिनीवर पडलं, घरंगळत चुलीखाली गेलं. मागची जमीन पुन्हा एकदा करकरली, वजन उतरल्यासारखी. मग काहीच नाही.

तिनं फोन उचलला. कॅल्विनचा नंबर फिरवताना एक विचार आला आणि तिनं फोन ठेवून दिला. आधीच्या आठवड्यात किती होते? फळीचा आवाज तिनं मनात पुन्हा चालवून बघितला. पाच होते.

मग ज्या थंडपणानं ती गिऱ्हाइकाचा हात चाचपायची, त्याच थंडपणानं तिनं एकेक बंदूक आणून बघितली. अर्व्हिलची पंचेचाळीस उसनी घेतली. तो इतका खूश झाला की "शेवटी शहाणी झालीस" म्हणत दारापर्यंत पोचवायला आला. तिच्यात सात गोळ्या; त्या दिवशी सातच आले, पण ओसरीच्या फळ्या वाकल्या आणि कपाटातल्या बशा किणकिणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिनं काहीच भरलं नाही. कुणी आलं नाही. तीच संध्याकाळ सगळ्यांत वाईट गेली. घराभोवती अशी शांतता पसरली, की आता कुणीही येऊ शकेल, आणि तो कोण हे आपल्याला ठाऊकही नसेल. तिनं दोनदा फोन उचलला.

मग तिला लेस्टरचं सापांसाठीचं बावीस बोरचं पिस्तूल आठवलं. दातकोरणीएवढ्या त्या गोळ्या, दुकानात लोक त्यांना हसतात. तिनं एकच घातली, मॅगझिनमध्ये, नळीत नाही. दिवेलागणीला खडीवर पावलं आली ती पोराची. भरभर, मध्येच एक उडी, नाल्यावरची फळी नुसती कुरकुरली. पाय ओसरीच्या पायरीशी येऊन थांबले. पोर तिथे बसलं असावं. ओर्फानं दाणे ताटात वाढून घेतले, मक्याची भाकर मोडली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. भीती वाटते का, असं तिनं स्वतःला विचारलं. नव्हती वाटत. म्हणजे शब्द मोडला नव्हता.

दुकानात ती आता बोर विचारणाऱ्याला एक नवा प्रश्न करायची. "संध्याकाळी दाराशी कोण येऊन बसलेलं चालेल तुला?" लोकांना वाटायचं, म्हातारी चळली. हॉबर्ट म्हणाला, "ओर्फा, गिऱ्हाइकं पळवतेस." तरी काही बाया गप्प व्हायच्या आणि हातातली मोठी बंदूक काचेवर परत ठेवायच्या.

महिनाअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सणाला कॅल्विन जेवायला आला. चांगला उंच, पोट सुटत चाललेला. कमरेवर शर्टाखाली फुगवटा. ओर्फाच्या नजरेतून तो सुटणं शक्य नव्हतं.

"काय आहे रे?"

"नऊ एमएम. पंधरा अधिक एक. शहरात लागते, आई."

"गाडीत ठेव."

"आता तू मला शिकवणार? तूच म्हणायचीस ना, कपाटातली तोफ काय कामाची?" तो हसत टेबलाशी बसला. भाजलेल्या टर्कीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाला, "खरं सांग. शब्द दिलायस. भीती वाटते का इथे?"

"नाही."

खिडकीबाहेर अंधारायला लागलं होतं. खडी वाजली. एक पाय, मग दुसरा, मग मोजता येणार नाहीत इतके, घराला वळसा घालणारे. फळी खट् खट् खट् करत राहिली. ओसरीच्या पायरीशी बसलेलं पोर उठून एका बाजूला सरकलं असावं. कॅल्विनचा काटा ताटावर थांबला. त्याच्या मागच्या रिकाम्या खुर्चीची वेताची वीण ताणली गेली, सावकाश, कुणी बसल्यासारखी.

ओर्फा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला वाटलं होतं तो दचकेल, "आई, उठ, आत्ताच्या आत्ता चल" म्हणेल. तो दचकला नाही. दमलेल्या माणसासारखे त्याचे खांदे पडले.

"इथेही," तो म्हणाला.

"इथेही म्हणजे?"

"माझ्याकडे रोज असतात. मला वाटायचं, वरच्या मजल्यावरची पोरं नाचतात. घरमालकाशी भांडलोसुद्धा." त्यानं ओठ पुसले. "मग उन्हाळ्यात मी घर बदललं. आता माझ्या वर नुसतं छप्पर आहे."

ओर्फानं पळी उचलली. तिनं त्याच्या ताटात रस्सा वाढला. 

"आई," कॅल्विन खाली बघत म्हणाला, "मी काही दिवस राहू का इथे?"

"राहा की. घर काय तुझं नाही?" मग तिनं आवाज खाली आणला. "पण आधी ते कमरेवरचं काढ. मॅगझिन बाहेर. आणि मग नळी."

त्यानं पिस्तूल टेबलावर धरलं, मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. बाहेर एकदम शांत झालं. मागची खुर्ची तशीच ताणलेली राहिली. त्याचा हात स्लाइडवर गेला आणि तिथेच थांबला.

"काढली की हा जातो?"

"जातो."

"कुठे?"

ते ओर्फाला ठाऊक नव्हतं. ती उठली, मागच्या दाराची कडी काढली आणि दार सताड उघडून धरलं. ओल्या पानांचा गार वास आत आला.

"ओढ," ती म्हणाली.