वर्षाचा प्रीमियम

माझा मामा जन्मभर विमा विकत आला. कुणीही भेटलं की "कसे आहात?"च्या आधी "प्रीमियम भरला का?" लोक त्याला बघून रस्ता बदलायचे. स्वतः तर इतका जपून वागणारा, की त्याच्या स्कूटरला सायकलवाले मागे टाकायचे.

अशा माणसाने रिटायर झाल्यावर काय करावं? लालभडक, दोन दारांची, टर्बो इंजिनची जुनी स्पोर्ट्स कार घेतली! मामीने अबोलाच धरला. बोलली तेव्हा एवढंच बोलली, "वाटेत एकदा जरी बंद पडली, तर विकायची. शब्द द्या." मामाने दिला. मला मात्र हळूच म्हणाला, "अगं, आयुष्यभर लोकांना अपघातांची भीती घालत आलो. आता कुठे जरा मजा करतोय. ही गेली तर फार वाईट वाटेल बघ मला."

गाडी विकणाऱ्याने बजावलं होतं, "हिला प्रीमियम भरा हं." घ्या! प्रीमियमचं मामाला कुणी शिकवावं? त्याने पहिल्याच दिवशी पंपावर टाकी फुल केली प्रीमियमने, आणि पुढे बिनधास्त साधं पेट्रोल.

मग एका रविवारी मामी गाडीत बसली. मागच्या टीचभर सीटवर मी, गुडघे हनुवटीला टेकलेले. गावाबाहेरच्या चढाला लागलो आणि इंजिनातून टकटक, टकटक सुरू झालं. मामा जीव खाऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी आपली रखडतेय. वाळूचे ट्रक हॉर्न मारत पुढे गेले. मामा गडबडला, गिअर बदलताना चुकला आणि गाडी बंद.

"झालं?" मामी म्हणाली.

मामा खाली उतरून नुसता बॉनेटवरून हात फिरवत राहिला. सोडा हो मामी, असं ओठांवर आलं होतं, पण मामीपुढे कुणाची टाप आहे?

कशीबशी सुरू करून गाडी वळवली आणि पायथ्याच्या गॅरेजात आणली. मेकॅनिकने आवाज ऐकला आणि विचारलं, "पेट्रोल कुठलं भरता?"

"प्रीमियम!" मामा ताठ मानेने.

"शेवटचं कधी भरलंत?"

"घेतली तेव्हा. वर्षाचा एकदम भरलाय की!"

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. "काका, पॉलिसी आहे का ती? दर वेळी भरायचं असतं!" त्याने टाकीचं झाकण उघडून आतला स्टिकर दाखवला. किमान पंचाण्णव ऑक्टेन. "म्हणजे प्रीमियमच. साध्या पेट्रोलने हिचं इंजिन टकटकतं."

"मग शंभरवालं भरू का?" मामा धास्तावून म्हणाला.

"कशाला? पंचाण्णव पुरे. जास्तीचं भरून हिला काही फरक पडायचा नाही, खिसा तेवढा रिकामा होईल."

मी फिस्सकन हसले. मामीने पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड फिरवलं, पण तिचे खांदे गदगदत होते.

टाकी तळाला गेलीच होती. पंपावर पंचाण्णव भरलं आणि मामीच म्हणाली, "परत चढावरूनच घ्या." या वेळी गाडी सुसाट वर निघाली. मामाचा चेहरा मात्र उतरलेलाच. दिलेला शब्द मोडणारा माणूस नाही तो.

"मग... उद्या जाहिरात देऊ विकायची?" त्याने विचारलं.

मामीने सीट गच्च धरली होती, नजर पुढे चाललेल्या वाळूच्या ट्रकवर.

"गप बसा हो! आधी त्या ट्रकला मागे टाका."