रावसाहेबांच्या बाजूचा पाटा

मोटार वर्कशॉपमध्ये आली तेव्हा डावीकडे इतकी कलली होती की ड्रायव्हर बापू स्टिअरिंगला धरून उजवीकडे रेलला होता. मागचं डावं मडगार्ड टायरला घासत होतं. जळक्या रबराचा वास आधी आला, मोटार नंतर.

जिल्ह्यात झेडपीची पहिली इलेक्शन येऊ घातली होती. मी उस्मानाबादेत एका खासगी वर्कशॉपचा फोरमन होतो. मोटार विलायती, लाल, उघड्या टपाची, दोनच सीटची, बांधणी शर्यतीची. मालक रावसाहेब. जहागिरी गेली होती, मोटार राहिली होती. ती गावातून बैलगाडीच्या चालीने जाई, कारण लोकांना मुजरा करायला वेळ मिळायला हवा.

रावसाहेब मोटार चालवत नसत. ते डावीकडे बसत आणि देहाने भरभक्कम होते.

अशा मोटारीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना पाटे असतात. पाटा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. वजन आलं की कमान दबते, गेलं की उठते. वर्षानुवर्षं एकाच बाजूला वजन पडलं की ती उठायचं विसरते. याला आम्ही ‘पाटा बसला’ म्हणतो. डावा पाटा पुरता बसला होता. मुख्य पट्टीला तडा होता आणि धक्का जिरवणाऱ्या शॉकअपमधलं तेल गळून गेलं होतं.

रावसाहेबांचे कारभारी मागून टांग्यातून आले.

“सोमवारी मंत्रिसाहेब येडशी स्टेशनावर उतरतेत,” ते म्हणाले. “रावसाहेब त्यांना या मोटारीतून आणणार. झेडपीच्या तिकिटाचं त्या वाटेतच ठरायचंय. मोटार सरळ दिसली पाहिजे.”

“मंत्री कुठं बसणार?”

“मोटारीत.”

“अन् रावसाहेब?”

“ते बी मोटारीत.”

“सीट दोनच आहेत. एकीवर बापू.”

“ते आमचं आमी बघू. तुम्ही पाटा बघा.”

मी पाटा बघितला. नवी मुख्य पट्टी घातली. बाकीच्या लोहाराकडून तापवून, कमान देऊन, पुन्हा पाणी देऊन आणल्या. शॉकअपमध्ये तेल भरलं. शेवटचं काम उंची जुळवण्याचं. त्यासाठी नेहमीचा माणूस सीटवर बसवतात, दोन्ही मडगार्डांची उंची मोजतात, कमान कमीजास्त करतात आणि वजन असतानाच पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशांचे बोल्ट आवळतात. रिकाम्या मोटारीत आवळले तर माणूस बसल्यावर बुशांना पीळ बसतो.

“रावसाहेबांना घटकाभर पाठवा,” मी म्हणालो.

कारभाऱ्यांनी वर्कशॉपची तेलकट जमीन पाहिली. “रावसाहेब इथं? न्हाय जमायचं.”

“मग वजन सांगा.”

“वजनकाट्यावर माणूस चढत नसतोय. एकदा तुळजापूरला आईच्या दारात गुळाची तुला केलेली. तेवढा गूळ पाठवतो.”

गूळ आला. ढेपा डाव्या सीटवर रचल्या. मुंगळे सोडले तर तक्रारीला जागा नव्हती. मोटार पाण्याच्या पातळीसारखी सरळ झाली आणि मी बोल्ट आवळले. तुलेचा गूळ किती भरला, हे त्या घराण्यात दरवर्षी थोडं वाढवून सांगत. हे मला नंतर कळलं.

सोमवारी भाड्याच्या जीपमधून, पान्यांसह, मी येडशीला गेलो. मंत्री आगगाडीतून उतरले. शरीराने अगदी काटकुळे. हार झाले. रावसाहेबांनी मोटारीचं डावं दार उघडून धरलं. मंत्री बसले. रावसाहेब दार धरून उभे राहिले. मग त्यांनी आत पाहिलं, बापूकडे पाहिलं आणि कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभारी आकाशाकडे बघत होते.

रावसाहेब जीपमध्ये, माझ्या शेजारी येऊन बसले.

मोटार पुढे, जीप मागे. ढेपांच्या हिशेबाने उचललेली डावी बाजू मंत्र्यांच्या वजनाने दबेना. मोटार उजवीकडे कलली. प्रत्येक खड्ड्याला मंत्री सीटवरून बापूच्या खांद्याकडे सरकत. उघड्या मोटारीत वारा भणभणत होता, त्यामुळे बोलायचं तर कानाशीच बोलावं लागे. मागून आम्हाला धुळीत दोन डोकी दिसत होती, एकमेकांना टेकलेली.

“काय बोलायलेत?” रावसाहेबांनी विचारलं.

“इंजिनाबद्दल असेल,” मी म्हणालो.

“एवढं?”

ते इंजिनाबद्दल नव्हतं. रावसाहेब गावोगावी ओसरीवर चहा घेत, तेव्हा बापू बाहेर मोटारीपाशी उभा राही आणि गाव त्याच्याभोवती जमे. कुठल्या शाळेला छत नाही, कुठली विहीर आटली, कोण कुणाच्या विरोधात आहे, सगळं त्याला ठाऊक. मंत्री विचारत गेले, तो सांगत गेला. उस्मानाबादेत उतरल्यावर मंत्र्यांनी रावसाहेबांचे आभार मानले. म्हणाले, “मोटार उत्तम आहे. माणूस त्याहून उत्तम दिलात.”

तिकीट बापूला मिळालं.

पक्षाने रावसाहेबांना विनंती केली, की उमेदवाराच्या प्रचारासाठी मोटार द्यावी. नाही म्हणायची सोय नव्हती. मोटार पुन्हा माझ्याकडे आली. चालवायला नवा ड्रायव्हर होता. बापू डावीकडे होता, टोपी घालून.

“साहेब, लई उजवीकडं कलतीया,” तो म्हणाला. “म्या बसू का मापाला?”

“बसा,” मी म्हणालो. आदल्या महिन्यापर्यंत त्याला मी ‘बस’ म्हणत होतो.

माप होईपर्यंत तो सीटवर हलला नाही. मी कमान उतरवली, उंची मोजली, बोल्ट आवळले. पुढे नोकरी संपेपर्यंत कुणाचं वजन कारभाऱ्याकडून घेतलं नाही. मोटार कुणाचीही असो, सीटवर जो बसणार त्यालाच बसवून मोजावं.