नानांच्या पापण्यांखालचं लुगडं

बी.ए.ला जळगावला मानसशास्त्र घेतलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याचा प्रयोग थोरल्या काकांवर केला. घरात त्यांना सगळे नाना म्हणत. एरंडोलजवळ केळीचा बाग, जाडजूड मिशा आणि एक ठाम मत: "सपनं रिकामा माणूसले पडतस. माले पडत नहीत."

आमच्या सरांनी मात्र शिकवलं होतं की सगळ्यांनाच पडतात. झोप लागून तास-दीड तास झाला की मिटल्या पापण्यांखाली बुबुळं पळू लागतात. ही रेम झोप. मेंदू भलताच जागा असतो, हातपाय मात्र सैल; नाहीतर माणूस स्वप्नातच पळत सुटला असता. तेव्हा उठवलं, तर बहुतेक जण स्वप्न सांगतात.

जेवून नाना ओसरीवर पसरले. मी वही घेऊन उशाशी बसले. अक्का, म्हणजे काकू, शेजारी तांदूळ निवडत होती. तासाभरात घोरणं थांबलं आणि पापण्यांखाली उंदीर शिरल्यासारखी हालचाल सुरू झाली. मी त्यांचा हात उचलून सोडला. धप्पकन पडला. मग गदागदा हलवलं.

"नाना, काय दिसत होतं?"

अर्धवट झोपेत माणसाला अब्रूची आठवण नसते. नाना म्हणाले, "मी लुगडं नेसीसन बँडना पुढे नाची रहायंतू."

अक्काचा हात सुपातच थांबला. "कोनतं लुगडं?"

"हिरवं. तुन्हंच."

अक्का इतकी हसली की तांदूळ अंगणात सांडले. संध्याकाळपर्यंत गल्लीत कोणाला सांगायचं राहिलं नाही. पारावर नाना दिसले की लोक तोंडाने बँड वाजवत. नाना तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला हसू येत होतं, आणि लाजही वाटत होती.

चौथ्या दिवशी अक्का पाण्याला गेलेली बघून ते हळूच आले. "तुन्हा पुस्तकमा असं सपन वाईट शे का?"

"वाईट काही नाही, नाना. या झोपेचं काम काय, यावरच शास्त्रज्ञांची भांडणं आहेत. कोणी म्हणतं, मेंदू आठवणी लावून ठेवतो. कोणी म्हणतं, नको तो कचरा झाडून टाकतो."

नानांचा चेहरा खुलला. "कचरा! हाईच अक्काले सांग."

मी सांगितलं. अक्काला कचऱ्याचं शास्त्र मुळीच पटलं नाही, पापण्यांचं मात्र पटलं. ती रोज जेवण झालं की उशाशी बसून पापण्या बघू लागली, आणि आठवड्याभरात नाना दुपारचे बागेत झोपायला जाऊ लागले.