मोडका कटर

चार वर्षांपूर्वी चाकणच्या आमच्या कंपनीत मी एक मशीन ठोकलं. धातूच्या ठोकळ्यांना भोकं पाडणारं, प्रोग्रॅमवर चालणारं मशीन. प्रोग्रॅमच्या एका ओळीत कटर पन्नास मिलीमीटर वर जायला हवा होता. मी आकड्याआधी चुकून उणे चिन्ह टाकलं, हिरवं बटण दाबलं आणि कटर सरळ खाली घुसला. आवाज ऐकून पलीकडच्या लाइनवरची माणसं धावत आली. मशीन तीन दिवस बंद राहिलं. सुपरवायझर साहेबांनी कटरचा मोडलेला तुकडा सगळ्यांदेखत माझ्या हातावर ठेवला.

"ताई, हा जवळ ठेवा. बटण दाबण्याआधी आठवण राहील."

ठेवला मी. डब्याच्या पिशवीत, चार वर्षं. चूक माझी होती, मान्य. पण कटर पुरुषांनीही मोडले होते आणि त्यांच्या हातावर कुणी काही ठेवलं नव्हतं. हे मी तेव्हा बोलले नाही, त्याचा राग मला अजून येतो.

गेल्या वर्षी कंपनीत नवीन विभाग निघाला. मशीनवरची मापं कॉम्प्युटरवर गोळा करून कुठला माल बिघडतोय ते शोधायचं काम. मी साहेबांना म्हटलं, मला तिथे जायचंय. ते म्हणाले, "प्रोग्रॅमिंगच्या कोर्सचं सर्टिफिकेट आणा, मग बघू." आणि हसले. ते हसले नसते तर मी एवढी पेटले नसते.

कोर्स ऑनलाइन होता, सहा महिन्यांत संपवायचा, नाहीतर बंद. दुपारची शिफ्ट असली की सकाळी तळवड्याच्या घरी ओट्याशेजारी लॅपटॉप उघडायचे. व्हिडिओतला मास्तर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तो काहीतरी टाइप करायचा, बटण दाबायचा, लाल अक्षरांत चूक यायची, हा हसायचा आणि पुन्हा दाबायचा. मला ते बघवत नसे. मी आधी वहीत लिहायचे, एकेका ओळीवर बोट ठेवून चारदा तपासायचे, मग टाइप करायचे, आणि तरी बटणावर बोट गेलं की पुन्हा वही उघडायचे. तासाभराच्या स्वाध्यायाला आठवडा लागायचा. चार महिने झाले तरी निम्माही कोर्स झाला नव्हता. एके सकाळी मी लॅपटॉप मिटला आणि रडले.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, मेथी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "त्ये बटन दाबल्यावर आत काय मोडतं का गं?"

"नाही."

"कुनाला लागतं?"

"नाही, आत्या."

"मंग? पयली भाकर माझी बी तव्यावर मोडलीच व्हती. सासू बोलली म्हून मी थापायची थांबले न्हाई. दाब."

दाबलं. लाल. आत्यांनी मान वर न करता विचारलं, "आलं का लाल?" आलं, म्हटलं. "मंग दाब पुन्यांदा." त्या सकाळी मेथीची जुडी निवडून होईपर्यंत मी चाळीसेक वेळा चुकले. काहीही मोडलं नाही. पुढे रोजच त्या विचारायच्या आणि मी दर वेळी जास्त जोरात सांगायचे, "आलं!"

दोन महिन्यांत राहिलेलं सगळं ओढून आणलं. शेवटचा प्रकल्प उरला, आणि कोर्स बंद व्हायला तीन दिवस. भोकांची मापं घेऊन नापास तुकडे शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. म्हणजे माझंच काम! अर्ध्या दिवसात लिहिला. पण शेवटच्या चाचणीत तो नापास. दाबून दाबून बोट दुखलं, तरी नापास.

मग जुनी वही काढली आणि मशीनवर एकेक ओळ थांबवत चालवतो तशी बोटाने ओळ न् ओळ चालवली. सातव्या ओळीवर सापडलं. भोक मोठं झालं तर तुकडा भंगार. पण लहान राहिलं तर पुन्हा कटर फिरवून मोठं करता येतं, म्हणून आम्ही त्याला नापास म्हणत नाही. मी लहान भोकं पास केली होती! कोर्सवाल्यांना दोन्ही नापास हवी होती. खरं सांगायचं तर त्यांचं चूक आणि माझं बरोबर, असं मी आजही म्हणते. पण सर्टिफिकेट त्यांच्याकडे होतं. एक ओळ वाढवली, दाबलं.

"आलं का लाल?"

"नाही आत्या. हिरवं."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आम्ही ऑपरेटर तिथे उभ्यानेच बोलतो. सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. त्यांनी एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "बरं. ठेवून जा, बघू."

पंख्याने कागद हलायला लागला. मी पिशवीतून कटरचा तुकडा काढला आणि कागदावर ठेवला.

"हा तुमचा, साहेब. मला आता लागत नाही."

मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

"'बघू' म्हणजे कधी, ते सांगा."