बेनीला सांगायचं राहिलेलं

दुपारचं जेवण झालं की मी तासभर आडवा होतो. आज हातात नांदेडच्या एका नर्सबाईंचं पत्र आहे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी बेनेडिक्ट डाबरेनं आणि मी काढलेली 'खाडीपलीकडे' ही रेकॉर्ड त्यांचे वडील ऐकायचे, आता त्या ऐकतात, त्यांची मुलगी मोबाइलवर ऐकते. बेनीचा सॅक्सोफोन, माझा तबला, मागे ड्रम आणि बास गिटार. तेव्हा जाझवाल्यांनी नाकं मुरडली, आमच्या बैठकीतल्यांनी कानांवर हात ठेवले. दुकानांतून गठ्ठे परत आले. आता मात्र महिन्याला एखादं तरी पत्र येतंच.

बेनी जाऊन अकरा वर्षं झाली. पत्रातल्या ओळी एकमेकींत मिसळतात, पंख्याचा आवाज लांब जातो, आणि मी स्टुडिओत उभा आहे. बेनी स्टुलावर बसून सॅक्सोफोनच्या तोंडाची वेताची पट्टी ओठांत ओली करतोय. केस काळेभोर.

"मोरू, उशीर केलास."

"बेनी, तू गेलास ना रे?"

"गेलो की. म्हणून वाजवायचं नाही?"

मला त्याला एकच सांगायचंय. रेकॉर्डच्या शेवटच्या तुकड्यात मी समेवर दोन मात्रा उशिरा आलो होतो. तो म्हणाला होता, पुन्हा एकदा घेऊ. मी तबल्यावर खोळ चढवत म्हणालो होतो, "पुरे आता. कोण ऐकणार आहे?" चूक तशीच रेकॉर्डवर राहिली, आणि त्यानंतर आम्ही बोललोच नाही.

"बेनी, ती चूक..."

"थांब. लोक आलेत."

तो दार उघडतो. बाहेर जिना नाही. वसईला त्याच्या घरामागची केळीची बाग आहे आणि स्टुडिओचा गालिचा सरळ तिच्यात गेलाय. झाडांमधून माणसं बसलीत. एक म्हातारा, मांडीवर हेल्मेट घेतलेला कुणी, पांढऱ्या गणवेशातल्या एक बाई आणि त्यांची मुलगी. रेकॉर्ड कुठून वाजतेय कळत नाही. ती चुकलेली जागा जवळ येते तसे सगळे श्वास रोखून धरतात. एक मात्रा. दोन. केळीची पानंही हलत नाहीत. मग माझी सम पडते आणि ती मुलगी खुदकन हसते.

"बघ," बेनी म्हणतो. "आणि मी हेच पुसायला निघालो होतो."

"पत्रांतून सगळे याच जागेबद्दल लिहितात. तिथे काळीज थांबतं म्हणतात. मला तुला कळवायचं होतं."

"मग आला का नाहीस?"

"लाज वाटली."

"माझ्या मातीलाही आला नाहीस?"

"चर्चच्या फाटकापर्यंत आलो होतो. आत कुणीतरी सॅक्सोफोन वाजवत होतं. तिथूनच वळलो."

"माझा भाचा. काय बेसूर वाजवला त्यानं! मला उठून सांगता येईना."

तो हसतो. मलाही हसू येतं, आणि हसता हसता डोळे भरतात. तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो. हात हलका आहे, उन्हासारखा.

"मी म्हणालो होतो, कोण ऐकणार आहे," मी म्हणतो. "चुकलो रे."

"मलाही तेव्हा तसंच वाटत होतं, मोरू. बोललास फक्त तू." तो सॅक्सोफोन उचलतो. "चल, घेऊ पुन्हा एकदा."

तबला समोरच आहे. मी विचारतो, "वेळेवर येऊ, की उशिरा?"

"तुला येईल तसा ये."

तो फुंकतो. मी हात टाकतो.

"अहो, उठा. चहा झालाय."

सुनंदा पलंगाशी उभी आहे. उन्हं भिंतीवर उतरलीत.

"झोपेत केवढं बडवत होतात पलंगाच्या फळीला! स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. सहा वर्षांत तबल्याला हात लावला नाहीत, आणि आज हे काय?"

मी उजवा हात वर धरतो. तर्जनीचं टोक लालबुंद झालंय, गरम आहे, आत ठणकतंय. ती माझं बोट हातात घेते, त्यावर फुंकर घालते.

"दुखतंय?"

"हो," मी म्हणतो, आणि हात मागे घेत नाही.