ग्वादलाहाराची यादी आणि दिनकरकाका

दिनकरकाकांची आणि माझी ओळख भीतीपोटी झाली. काही वर्षांपूर्वी व्हिसाच्या शिक्क्यासाठी मला अमेरिकेतल्या सांता क्लाराहून मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरी जायचं होतं. तिथल्या अमेरिकन वकिलातीत चार दिवसांत काम होतं, असं सगळे सांगत. तरी मला झोप नव्हती. आपल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी काकांचा नंबर दिला. काकांनी कागदपत्रांविषयी काही विचारलं नाही.

"उपासतापास करता का?"

"एकादशी करतो."

"मग यादी पाठवतो."

ती यादी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. रोज एक खाण्याची जागा, एक फेरफटका, असे बारा दिवस. चार दिवसांच्या कामाला बारा दिवस पाहून मी ती पुढे वाचलीच नाही.

मुलाखतीत अधिकाऱ्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला. तपासणी बाकी आहे, मुदत सांगता येत नाही, असं लिहिलेला कागद हाती दिला. शिक्क्याशिवाय अमेरिकेत परतता येणार नव्हतं. सातवीतल्या मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, आर यू नॉट कमिंग बॅक?" नामस्मरणाला बसलो तरी हात लॅपटॉपकडे जाई. खोलीबाहेर पडायचीही भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला.

"चपालाचं तळं पाहिलंत का? बसने तासभर."

"काका, पासपोर्ट त्यांच्याकडे आहे. तळं कसलं सांगताय!"

"पासपोर्ट अडकलाय. तुम्ही का अडकून बसलात? जेवलात तरी का?"

'मांस नको' हे स्पॅनिशमध्ये घोकून गेलो होतो, तरी ताटात चिकन आलं आणि मी उपाशीच उठलो, हे सांगितलं. काका खदखदून हसले.

"यादी वाचत नाही तुम्ही! अहो, कोंबडी तिकडे भाजीत मोडते. 'पोयो'सुद्धा नको, असं म्हणायचं. उसळीत डुकराची चरबी असते, तीही विचारायची. आणि उद्या एकादशी ना? बाजारात 'अलेग्रिया' मागा. आपली राजगिऱ्याची वडीच ती."

खरंच राजगिरा होता. मोबाइलमधल्या देवाला नैवेद्य दाखवून खाल्ला. मग धीर करून चपालाला गेलो. बसमध्ये कुणी वर्दीतलं चढलं की खिशातला तपासणीचा कागद चाचपून बघे. तळ्याकाठून मुलीला पक्षी दाखवले, तेव्हा ती त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

काकांनी रोज फोन केला. अकराव्या दिवशी पासपोर्ट मिळाला. अमेरिकेत परतलो तेव्हा विमानतळावर मला न्यायला ते स्वतः आले. त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हाच. गाडीत मी विचारलं, "बारा दिवसांची यादी का?"

"मी तिथे सव्वा महिना अडकलो होतो. खोलीतच बसून काढला. रडू फुटेल म्हणून घरचे फोन उचलत नव्हतो. सुटलो, आणि वर्षभराने हिला घेऊन मुद्दाम पुन्हा बारा दिवस गेलो. सगळीकडे खाल्लं, हिंडलो, लिहून आणलं."

"बारा दिवसांतही नाही सुटलं तर?"

"तर मला फोन करायचा. पुढचे दिवस तोंडी सांगतो."

नियम आता आणखी कडक झाले आहेत. नुसतं सरकारी पाकीट आलं तरी घराघरांत ते उघडायला कुणी धजत नाही. काका पंचाहत्तर वर्षांचे झाले, याचा आनंद आहे आणि थोडी धास्तीही. देवाने त्यांना ठणठणीत प्रकृती आणि उदंड आयुष्य द्यावं. आम्ही घाबरट माणसं आहोत. आम्हाला ते अजून पुष्कळ वर्षं हवे आहेत.